मंजुळेमार्फत

बनुबाई लग्न होऊन हिंगणवाडीत आल्या त्याला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्या सासऱ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. भांडण अजिबात नव्हतं. उलट त्या घरात सगळं इतकं गोडीगुलाबीनं चालायचं, की शेजारच्या तानुबाईंना बाहेर सांगायला काही सापडायचं नाही. तानुबाईंना सांगायला काही सापडत नाही असं घर गावात दुसरं नव्हतं. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही ही तिकडची रीत, आणि बनुबाई रीतीला पक्क्या.

सासरे म्हणजे सुभेदार लालासाहेब. पलटणीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण पलटण त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. पहाटे चारला उठणार, दिवसातून दोनदा दाढी करणार, आणि देवळाकडं निघाले तरी डावं-उजवं पाऊल मोजत निघणार. मुलगा मानसिंगही पलटणीतच होता. वर्षातले दोन महिने तो रजेवर यायचा, बाकी दहा महिने घरात सून आणि सासरा. सासूबाई होत्या तोवर इकडचा निरोप तिकडं पोचायचा. लग्नानंतर वर्षातच त्या वारल्या आणि मधलं टपाल बंद पडलं.

ते काम मग मंजुळेनं उचललं.

मंजुळा ही गाय. बनुबाईंचं माहेर आटपाडीकडचं. तिकडची पांढरीशुभ्र खिलार कालवड बापानं लेकीला आंदण दिली होती. पुढच्या पडवीत, म्हणजे सोप्यात, एका बाजूला तिचं दावं, त्याच्या मागं स्वयंपाकघर आणि पुढं सुभेदारांचा ओटा. म्हणजे सून आणि सासरा यांच्या बरोबर मध्ये गाय उभी.

सकाळी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "मंजुळे, मीठ सपलं बग."

ओट्यावर पेपर वाचणारे सुभेदार शांतपणे ते पान पुरं करायचे, चष्मा काढायचे आणि गाईकडं बघून म्हणायचे, "मंजुळे, मी दुकानाकडं निगालोय. आनकी काय पायजे असंल तर आत्ताच सांगून ठेव."

"मंजुळे, काड्यापेटीबी न्हाई गं."

"बरं."

मंजुळा रवंथ करत राहायची. सगळा संसार असा तिच्या कानावरून जायचा आणि तिनं कधी तक्रार केली नाही. मी स्वतः त्या ओट्यावर बसून ऐकलंय, "मंजुळे, डाक्तरांस्नी च्या." आणि आतून उत्तर, "मंजुळे, गूळ घालू का साकर, इचार त्यांस्नी." पहिल्या खेपेला मी गाईकडंच बघून "साखर" म्हणालो. त्या घरात गेलं की माणसाला तसंच व्हायचं.

आता मी तिथं कसा, ते सांगतो. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं आणि गावोगाव संकरित गाईंचं वारं सुरू झालं होतं. हिंगणवाडीच्या दूध सोसायटीला लागून एक पत्र्याची खोली, पुढं गाय उभी करायचा लाकडी खोडा, आत बर्फाचा थर्मास आणि चोवीस वर्षांचा मी, एवढं मिळून तिथलं कृत्रिम रेतन केंद्र. जर्सी वळूचं बीज सांगलीहून एसटीनं यायचं. गाईंविषयीचं सगळं ज्ञान फक्त आपल्यालाच आहे अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. ती उतरायला फार दिवस लागले नाहीत. पहिल्या वर्षात मी भरवलेल्या दहा गाईंपैकी सात उलटायच्या, म्हणजे तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायच्या. "डाक्तर, तुमचा वळू बर्फात बसून गारठलाय," असं मला लोक तोंडावर सांगायचे.

त्यात सुभेदारांची मंजुळा पहिल्या नंबरावर. तिचं एक वेत झालं होतं, गावच्या वळूपासून. पण केंद्र आल्यावर गावात वळू कशाला, असा ठराव सुभेदारांनीच पंचायतीत मांडून तो वळू विकायला लावला होता. त्यामुळे मंजुळा गाभण राहीना, तेव्हा पारावरची मंडळी त्यांच्याकडं बघून मिशीत हसायची. सुभेदारांच्या मिशा सगळ्यांत मोठ्या, पण त्यांना त्यात हसताही येईना.

चार वेळा त्यांनी मंजुळेला माझ्याकडं आणली. दर वेळी संध्याकाळी पाचला, इस्त्रीचा खाकी कोट घालून. आणि दर वेळी मी तपासलं की कळायचं, माज कधीच ओसरलाय.

"सुभेदार, उशीर झाला."

"उशीर? खबर मिळाल्यापास्नं आठ तासात हजर हाय. पयली आंगुळ, मग पूजा, जेवान, दाढी. ह्याच्याआदी कसं येनार?"

"खबर कधी मिळाली?"

"ते मला ठाव न्हाई. तुमी कारवाई करा."

त्यांच्या आवाजात सुभेदारी होती आणि माझी नोकरी कच्ची. मी मुकाट्यानं नळी घालायचो आणि गाय उलटायची.

चौथ्या वेळेनंतर मात्र मंजुळा उलटली नाही. एकवीस दिवस गेले, बेचाळीस गेले, दोन महिने गेले. सुभेदारांनी कोणालाही न विचारता गाय गाभण असल्याचं जाहीर केलं, आणि नुसतं जाहीर करून थांबतील तर ते सुभेदार कसले! त्यांनी मंजुळेचं डोहाळजेवण घातलं. मे महिना होता. पुरणपोळी, आमरस, सगळी भावकी पंगतीला. मंजुळेच्या शिंगांना हिरवा खण बांधला होता, गळ्यात झेंडूची माळ. बायकांनी तिची ओटी भरली. बनुबाईंचा चेहरा पदराआड असायचा, पण त्या दिवशी त्यांची चाल बघूनच कळत होतं की बाईला गगन ठेंगणं झालंय.

मी सात पोळ्या खाल्ल्या. हात धुतोय तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "डाक्तर, आता तेवडं सगळ्यांम्होरं तपासून सांगा. सरकारी शिक्का झाल्याला बरा."

नाही म्हणायला हवं होतं. मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. बायकांनी तोंडं फिरवली. आत हात घालून मी गर्भ शोधत राहिलो. पिशवी रिकामी होती. फक्त एका अंडाशयावर जुनी पिवळी गाठ घट्ट बसलेली हाताला लागली. ही गाठ बाईसाहेब एकदा बसल्या की गाईच्या शरीराला 'गर्भ आहे, गर्भ आहे' असं खोटंच सांगत राहतात आणि माज थांबतो. म्हणजे फसगत एकट्या सुभेदारांची नव्हती, गाईचीही झाली होती.

"सुभेदार, गाभण नाही."

सुभेदार हलक्या आवाजात म्हणाले, "नीट बगा, डाक्तर. जेवान झालंय."

जेवण झालं म्हणून वासरू येत नाही, हे त्या माणसाला कसं सांगायचं? मी हातमोजा काढला. लोक उठले, कोणी खोकलं, कोणी चपला शोधायला लागलं. बनुबाई पुढं आल्या आणि गाईच्या शिंगांचा खण सोडू लागल्या. गाठ बसली होती, ती सुटेना. मला त्या सात पोळ्यांची लाज वाटली, आजही वाटते.

ही गाठ सोडवायला हार्मोनचं इंजेक्शन लागतं. ते पुण्याहून यायला महिना गेला. बैलांचा सण बेंदूर नऊ दिवसांवर आला होता. इंजेक्शन घेऊन मी सुभेदारांकडं गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून गाईला बजावत होते, "मंजुळे, बेंदरापातूर दम धरतो. तवर येळंवर भरलीस तर ठीक, न्हाईतर बेंदूर झाला की बाजार."

भाकड गाय बाजारातून कुठं जाते हे त्यांनाही माहीत होतं, मलाही आणि आत उभ्या बाईलाही. मी वाट बघत होतो की आतून काहीतरी उत्तर येईल. काहीच आलं नाही.

मी गाठ हातानं दाबून सोडवली, वर इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "आठवड्याच्या आत माजावर येईल. दिसल्या दिसल्या मला कळवा. सकाळी दिसली तर त्याच संध्याकाळी भरवायची. दुसरा दिवस उजाडला की संपलं."

निघताना तानुबाई दारात उभ्या होत्या. एक शंका मला बरेच दिवस खात होती. मी विचारलं, "तानुबाई, मंजुळा माजावर आली हे पहिल्यांदा कोणाला दिसतं?"

"बनूलाच की. श्यान काढाय तीच जाती न्हवं पाटचं."

"मग ती सुभेदारांना कसं सांगते?"

तानुबाईंनी गालावर हात मारून घेतला. "आगं बया! आसलं सासऱ्याला सांगत्यात व्हय? ती दुपारी धुनं धुताना मला सांगती. मी रातच्याला आमच्या मालकांच्या कानावर घालती, ते दुसऱ्या दिशी सकाळच्याला पारावर सुभेदारांस्नी सांगत्यात."

मी तिथंच कट्ट्यावर बसलो. पहाटे पाचची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचणार, त्यानंतर आंघोळ, पूजा, जेवण, दाढी, खाकी कोट. छत्तीस तास! आणि गाईचा माज जेमतेम अठरा तासांचा. मीठ संपलं, पेंड संपली, विळा हरवला, सगळं मंजुळेमार्फत जात होतं. फक्त मंजुळेची स्वतःची बातमी तेवढी मंजुळेला सांगता येत नव्हती, कारण सासऱ्याच्या कानावर तो शब्द पडता कामा नये. मी आणखी दोन घरी विचारून पाहिलं. सगळीकडं हाच मार्ग. मी वर्षभर वळूला, बर्फाला आणि एसटीला शिव्या घालत होतो, आणि गावभरच्या गाई या लाजेपायी रिकाम्या राहत होत्या.

तसाच परत जाऊन मी सुभेदारांना म्हणालो, "सूनबाईंना सरळ तुम्हाला सांगू द्या की."

ते ताडकन उभे राहिले. "सून सासऱ्याला माजाचं सांगनार? हे घर हाय डाक्तर, तमाशाचा फड न्हवं!"

"मग बोलू नका. खूण ठेवा. पलटणीत नाही का, झेंडा दाखवून निरोप देतात?"

झेंडा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पेटीतून त्यांनी लाल पटका काढला, त्याचा चौकोन फाडला, कडा दुमडून शिवला आणि काठीला लावून मंजुळेच्या मेढीच्या खांबाजवळ ठेवला. मग गाईला ऐकवलं, "मंजुळे, हितं झेंडा ठेवलाय. कुनी लावला, कवा लावला, मी इचारनार न्हाई."

मी खुशीत घरी गेलो. मला वाटलं, विज्ञान जिंकलं.

त्यानंतरचं सगळं मला तानुबाईंचे मालक गुंडा यांच्याकडून कळलं. बाजाराचं नाव निघाल्यापासून बनुबाई गाईशी बोलेनाशा झाल्या. तिला चारा घालत, पाणी दाखवत, अंगावरून हात फिरवत, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी घरातलं मीठ संपलं. कोणी कोणाला सांगितलं नाही. आळणी आमटी ताटात आली, सुभेदारांनी ती खाल्ली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशीही तेच. मागायचं कुणाकडं?

सहाव्या दिवशी पहाटे मंजुळा हंबरायला लागली. बनुबाईंनी दिवा धरून बघितलं, चिकट तार गळत होती, गाय जागेवर ठरत नव्हती. त्यांनी झेंडा मेढीला बांधला आणि आत जाऊन वाट बघत बसल्या.

सात वाजले, नऊ वाजले. सुभेदार आंघोळ करून आले, पेपर घेतला आणि ओट्यावर बसले, सोप्याकडं पाठ करून. झेंडा ठेवल्यापासून ते तसेच बसत होते. कारण उघड होतं: झेंडा दिसला तर सुनेनं तो लावला हेही दिसणार, आणि सुनेनं असलं काही कळवलेलं सासऱ्यानं बघणं म्हणजे शोभतं का? ते आपले कोणीतरी येऊन 'झेंडा लागलाय' असं सांगण्याची वाट बघत होते. खबर नेहमी आणणारे गुंडाभाऊ घरी आलेल्या पाहुण्याला एसटीत बसवायला गेलेले, आणि तानुबाई चार दिवस माधवनगरला, भावाच्या घरी. जुनं टपालही बंद आणि नवंही. मागं झेंडा फडफडत होता, गाय कंठ फोडून ओरडत होती, आणि सुभेदार पेपराचं तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते.

चार वाजता त्यांनी दाढीचं सामान काढलं. गुंडाभाऊ तेवढ्यात परत येऊन ओट्यावर टेकले होते. सुभेदारांच्या उजव्या गालाला साबण लावून झाला, वस्तरा टेकला, आणि सोप्यातून पावलं वाजली. बनुबाई डोईवर पदर घेऊन ओट्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "मंजुळी माजावर आलीया. पाटंपास्नं झेंडा फडकतोया आन तुमी पाट करून बसलायसा. आत्ताच्या आत्ता न्या तिला. न्हाईतर तिला बाजार दावायच्या आदी मी तिला घिऊन आटपाडीला जाईन, आन मागारी येनार न्हाई."

गुंडाभाऊंची विडी हातातून पडली. पण खरी गंमत सुभेदारांची झाली. तीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस; मागून खणखणीत हुकूम आला की काय करायचं हे डोक्याआधी पायांना माहीत. ते ताठ उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "जी!"

मी खोलीत नळ्या उकळत होतो. बघतो तर सुभेदार मंजुळेला जवळजवळ पळवत आणतायत. अर्ध्या तोंडाला साबण, अंगात बंडी, पायात काही नाही. वर्षभरात मी या माणसाला बिनइस्त्रीचं पाहिलं नव्हतं.

"डाक्तर, लौकर. आर्डर झालीया."

"कोणाची?"

सवयीनं त्यांनी गाईकडं बघितलं. मग म्हणाले, "वरनं."

त्या दिवशी वेळ अगदी बरोबर होती. नळी अशी सरली, की मला स्वतःचाच हेवा वाटला. काम झाल्यावर सुभेदार पायरीवर बसले आणि बंडीनं साबण पुसायला लागले. साबण वाळला होता, निघत नव्हता.

"सहा दिस घरात कोन बोललं न्हाई, डाक्तर," ते एकदम म्हणाले. "आमची मंडळी गेली तवाबी घर यवडं मुकं न्हवतं. तवा निदान ही पोर गाईसंगं तरी बोलायची. माजं चुकलं. बाजाराचं नाव काडाय नगं हुतं."

मी त्यांना ओला कापूस दिला.

बेंदूर झाला, मंजुळा बाजारात गेली नाही. बनुबाईंनी पुन्हा मौन धरलं, पण आता ते नेहमीचं मौन होतं. गाय भरवली त्याच्या दुसऱ्याच सकाळी आतून आवाज आला होता, "मंजुळे, मीठ सपलं बग." सुभेदार पेपर टाकून उठले आणि पाच शेर मीठ घेऊन आले. पावसाळाभर त्या मिठाला पाणी सुटत होतं.

तीन महिन्यांनी मी तपासलं, गाय गाभण होती. "परत बगा," सुभेदार म्हणाले. मी परत बघितलं. या वेळी त्यांनी पारावरसुद्धा अवाक्षर काढलं नाही, आणि मी जेवणाचा विषय काढल्यावर "पयलं वासरू, मग पंगत" म्हणाले. दरम्यान हिंगणवाडीत दहा-बारा गोठ्यांवर लाल फडकी दिसायला लागली. बाकीचे सासरे निदान झेंड्याकडं तोंड करून बसत, त्यामुळे तिथं झेंडा चालला. दोन वर्षांनी माझ्या केंद्राला चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर माझं नाव आहे. न्यायानं बघितलं तर ते बनुबाईंचं हवं होतं.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, मंजुळा व्याली. मला बोलावणं आलं तेव्हा वासराचे पाय दिसायला लागले होते. बनुबाई आत पाणी तापवत होत्या. सुभेदार मंजुळेच्या तोंडाशी उकिडवे बसून तिची मान खाजवत होते आणि तिला, मला, देवाला, सगळ्यांना मिळून हुकूम देत होते. फार ओढावं लागलं नाही. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली जर्सी कालवड अलगद गवतावर आली. मी तिच्या नाकातला चिकटा पुसला. तिनं शिंक दिली.

सुभेदार उभे राहिले. त्यांनी पटका नीट केला, घसा खाकरला आणि नेहमीप्रमाणं गाईकडं बघून सुरुवात केली, "मंजुळे, आत सांग तुज्या मालकिनीला..."

आणि थांबले. मंजुळा वासराला चाटण्यात गुंग होती. तिला आज कोणाचा निरोप पोचवायला सवड नव्हती. मग सुभेदारांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड केलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा सुनेला नावानं हाक मारली.

"बनू, बाहीर ये पोरी. कालवड झालीया."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. पाणी सगळं चुलीत गेलं, आणि त्या दिवशी चहा मिळायला आम्हाला बराच उशीर झाला.